कुणाचे दात

पहिला दगड खिडकीची काच फोडून आत आला तेव्हा मी लॅपटॉपवर वाकून बसले होते. काचेचे तुकडे कीबोर्डवर सांडले. लॅपटॉप आणि त्याला जोडलेलं छोटं यंत्र, दोन्ही छातीशी धरून मी टेबलाखाली शिरले.

"वायर निघाली नाही ना?" डॉक्टर अत्तारांनी विचारलं. ते औषधांचं लोखंडी कपाट ढकलत दाराशी नेत होते.

"नाही. चालू आहे."

"अजून किती वेळ?"

"तेच तुम्ही मघाशीही विचारलंत, डॉक्टर. सांगता येत नाही."

बाहेर अंगणात माणसं पिंजऱ्याच्या पत्र्यावर काठ्या बडवत होती. आत बिबट्याची मादी होती. प्रत्येक दणक्याला ती अंग झोकून गजांवर आदळायची आणि सगळा पिंजरा फरशीवर खरवडत सरकायचा. सकाळी मी तिला पाहिलं तेव्हाच गजांना चावून तिचा एक सुळा तुटला होता.

हिवरतळे हे उसातलं गाव. उसात बिबटे, आणि उसाच्या कडेला माणसांची घरं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्या वर्षी बिबट्याने खरोखरच माणसं मारली होती, त्यामुळे चंद्रभागा शेवाळे ही बाई कालव्याकडेच्या गवतात गळा फाटलेली सापडली तेव्हा कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. वनखात्याने पिंजरे लावले, दुसऱ्याच दिवशी ही मादी अडकली, तिला गावाबाहेरच्या बिबट्या निवारा केंद्रात आणलं. गावाचं म्हणणं एकच होतं. तिला आमच्या हवाली करा.

जनावरांचे डॉक्टर म्हणून अत्तार तिथे बरीच वर्षं होते. शवविच्छेदनाच्या वेळी ते हजर होते आणि त्यांना शंका आली होती. "बिबट्या गळा एकदाच धरतो आणि सोडत नाही," ते मला फोनवर म्हणाले होते. "इथे नुसती चाळणी झालीय. वृंदा, तू ये. यंत्र घेऊन ये." जखमेतली लाळ त्यांनी बोळ्यावर टिपून बर्फात ठेवली होती.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनए जुळवायच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे. यंत्र डीएनए सलग वाचत नाही, तुकड्या-तुकड्यांनी वाचतं. त्यात जखमेवरचा नमुना म्हणजे वेगवेगळी वर्तमानपत्रं फाडून एकाच पोत्यात कोंबावीत तसा. बहुतेक तुकडे त्या बाईचे स्वतःचे, काही मातीतल्या जिवाणूंचे, आणि त्यांत कुठेतरी थोडेसे, ज्याचे दात होते त्या जनावराचे. सॉफ्टवेअरने आधी माणसाचे तुकडे बाजूला काढायचे, मग जिवाणूंचे, आणि उरलेले कडेला कड लावून जोडत जायचे.

वनखात्याच्या वरिष्ठांचा तासाभरात तिसऱ्यांदा फोन आला. मी टेबलाखालूनच घेतला.

"जुळलं का बिबट्याशी?"

"थोडे तुकडे जुळताहेत, सर, पण..."

"मग झालं की! तसं लिहून पाठवा. ती मादी नरभक्षक ठरली की गोळी घालायची परवानगी मिळेल, लोक शांत होतील."

"सर, मांजर, कुत्रा, माणूस, सगळ्यांचे काही तुकडे सारखेच असतात. नुसतं बिबट्याला समोर ठेवून विचारलं तर काही ना काही जुळणारच. मी कुणालाही समोर न ठेवता जोडतेय. तुकडे जे सांगतील ते."

"मॅडम, तिथे पाचशे माणूस आहे."

"दिसतोय मला."

दुसरा दगड आला. तिसरा डॉक्टरांच्या खांद्याला लागला. कपाटाला पाठ लावून ते तसेच उभे राहिले. केंद्रावरच्या वनरक्षकाचं डोकं आधीच फुटलं होतं, तो कोपऱ्यात टॉवेल दाबून बसला होता. पोलिसांची जीप निघाली होती, पण फाट्यावर टायर पेटवून रस्ता अडवला होता.

बाहेरून एक आवाज सगळ्यांच्या वर यायचा. "डॉक्टर, माझ्या आईचं रक्त आहे तिच्या तोंडाला! दार उघडा!" तो गोरख. चंद्रभागाबाईंचा मुलगा, पंचविशीतला, उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. सकाळी मी आले तेव्हा तो फाटकाशी एकटाच उभा होता, आणि मला त्याने फक्त इतकंच विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या मशीनमध्ये खरं कळतं का?" आता त्याच्या हातात पहार होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर तुकडे जुळून एक पूर्ण कडं तयार झालं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए असा कड्यासारखा असतो, आणि त्याच्या प्रती भरपूर असल्यामुळे खराब नमुन्यातही तो हाती लागतो. मी ते कडं साठवलेल्या सगळ्या प्राण्यांशी ताडून पाहायला लावलं. उत्तर यायला चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"डॉक्टर."

"बोल."

"कुत्रा."

ते वाकून माझ्याजवळ आले. "नक्की?"

"बिबट्याचा एक तुकडा नाही यात. आणि एक कुत्रा नाही. दोन वेगवेगळी कडी बनताहेत. निदान दोन कुत्री."

त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. "मी जाऊन सांगतो."

"थांबा. कुठली कुत्री ते अजून कळलेलं नाही. गावातल्या कुत्र्यांचे नमुने घेऊन ताडायला हवेत. अर्धवट सांगितलं तर..."

ती वाट पाहण्याची वेळ नव्हती. बाहेर डिझेलचा वास आला. कुणीतरी उसाच्या पाचटाचे भारे पिंजऱ्याखाली सारले होते. भडका उडाला आणि मादी ओरडली. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायचाही नाही. डॉक्टरांनी कपाट एका हाताने ओढून पाडलं, दार उघडलं आणि दोन्ही हात वर करून ते त्या गर्दीत शिरले.

"बिबट्या नाही! ऐका! बिबट्याने नाही मारलं! कुत्री होती, कुत्री!"

पहिली काठी त्यांच्या कोपरावर बसली. दुसरी मानेवर. ते गुडघ्यांवर पडले तरी तेच ओरडत होते. मी नळाला लावलेली पाइप ओढत पिंजऱ्याकडे धावले. कुणी मला अडवलं, कुणी वाट दिली, आठवत नाही. पाणी पडलं तसं पाचट चरचरलं, धूर पसरला आणि त्या धुरात गोरख माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय म्हणतोय डॉक्टर?"

"खरं तेच म्हणताहेत. तुमच्या आईच्या जखमेत कुत्र्यांची लाळ आहे."

"कुत्र्यांची?"

"हो."

गर्दी ओळीओळीने गप्प होत गेली. मागे माणसं एकमेकांना विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. त्या शांततेत पहिला बोलला तो माणिकतात्या. कालव्याच्या वरच्या अंगाला त्याची मोठी पोल्ट्री होती, गावात त्याच्या शब्दाला मान होता. सकाळपासून तो गोरखच्या खांद्यावर हात ठेवून हिंडत होता.

"कुत्री म्हणजे धनगराची कुत्री," तो म्हणाला. "कालव्याखाली वाडा बसलाय न्हवं त्यांचा? लांडग्याला फाडत्यात ती. म्हातारीला सोडतील व्हय?"

"तात्या, अजून तसं काही सिद्ध..." मी म्हणायला गेले.

कुणी ऐकलं नाही. गर्दी वळली. पाणी जसं उताराला लागतं तसं सगळं अंगण रिकामं झालं, आणि फाटकाबाहेर मोटरसायकली सुरू झाल्याचे आवाज आले.

डॉक्टरांचा उजवा हात कोपरातून लोंबत होता. वनरक्षकाने जीप चालवली, डॉक्टर शेजारी, मी मागे. मी लाळ टिपायच्या बोळ्यांच्या नळ्यांचं पाकीट उचलून घेतलं होतं. का घेतलं ते सांगता येणार नाही. हाताला तेच लागलं.

आम्ही पोचेपर्यंत वाडा उधळला होता. वाडा म्हणजे मेंढपाळांचा तळ. नांगरून ठेवलेल्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यायचं, दोन-चार दिवसांनी पुढच्या रानात. मेंढरांभोवती लावलेली जाळी फाटली होती, मेंढरं एकमेकांवर चढून एका कोपऱ्यात थरथरत होती. घोड्यावर लादायचं सामान विस्कटलं होतं, पिठाची पिशवी फुटून ढेकळांवर पांढरं पसरलं होतं. दोन कुत्री मरून पडली होती. एकाचं डोकं ठेचलं होतं. तिसऱ्याला चौघेजण दोरीने ओढत होते.

मेंढपाळाचं नाव सिधू टकले. पन्नाशीचा, उंच, लाल पागोट्याचा माणूस. पागोटं सुटून गळ्यात आलं होतं. तो हात जोडून मागे मागे सरकत होता आणि गोरख पहार घेऊन पुढे पुढे.

"माझ्या आईला फाडलं तुझ्या कुत्र्यांनी!"

"न्हाई बाबा, न्हाई, ऐक..."

"गोरख!" मी जीपमधूनच ओरडले.

पहार सिधूच्या कानशिलावर बसली. मी ते पाहिलं. आवाज मोठा नव्हता. तो माणूस खाली बसला, जसा कुणी दमून बसतो, आणि मग कलंडला.

त्याची बायको चौथ्या कुत्र्यावर पालथी पडली होती. पांढरं, म्हाताऱ्या अंगाचं कुत्रं होतं. लोक तिच्या पाठीत लाथा घालत होते आणि ती जमिनीत तोंड खुपसून काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच. गोंगाटात शब्द कळत नव्हते. नवरा पडला हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा ती गप्प झाली.

गोरख तिच्याकडे वळला. मी मध्ये उभी राहिले. हातात फक्त त्या नळ्या होत्या.

"बाजूला व्हा, मॅडम."

"सकाळी तुम्ही मला काय विचारलं होतंत? मशीनमध्ये खरं कळतं का, असं. कळतं. या कुत्र्यांची लाळ घेऊ द्या मला. जिवंत आहेत त्यांची, मेली त्यांचीही. तुमच्या आईच्या जखमेतल्या लाळेशी ताडते. उद्या सांगते."

"उद्या कशाला?" माणिकतात्या मागून म्हणाला. "गोरख, आता थांबू नको. हे पुण्याचे लोक धनगराला निसटू देतील रातोरात."

"आणि जुळली तर?" गोरखने मला विचारलं.

"तर तसं लिहून देईन. पोलिसांना, कोर्टाला, सगळ्यांना."

त्याच्या छातीचा भाता चालला होता. पहारीच्या टोकाला लागलेलं रक्त त्याने पाहिलं, मग सिधूकडे पाहिलं. "घ्या," तो म्हणाला.

मी चारही कुत्र्यांच्या तोंडात बोळे फिरवले. मेलेल्या कुत्र्याच्या फुटलेल्या जबड्यातसुद्धा. पांढऱ्या कुत्र्यापाशी गेले तेव्हा त्या बाईने, रखमाने, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "याला काही करत नाही, बाई. फक्त लाळ घेते." तिने कुत्र्याचं तोंड स्वतःच्या हातांनी उघडून धरलं.

उठताना मी माणिकतात्याला म्हणाले, "तुमच्या पोल्ट्रीवरही कुत्री आहेत ना? त्यांचीही लाळ लागेल. गावातल्या सगळ्याच कुत्र्यांची."

"माझी कुत्री परदेशी जातीची आहेत," तो म्हणाला. "बांधलेली असत्यात. कुणी परकं आलेलं त्यांना चालत न्हाई."

गोरखने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

सिधूला आम्ही जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. संध्याकाळी पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी गोरखचं नाव सांगितलं, काय पाहिलं ते सांगितलं. हवालदाराने 'जमावाने मारहाण केली' असं लिहिलं. मी म्हटलं, मी नाव सांगितलंय. तो म्हणाला, "मॅडम, पोराची आई गेलीय. तुम्ही उद्या पुण्याला जाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावून आम्ही पुन्हा कामाला बसलो. डॉक्टरांचा हात प्लास्टरमध्ये. रखमाच्या कुत्र्यांचे नमुने यंत्रावर चढवले होते. तेवढ्यात फाटकाशी कुणी आल्याचं वनरक्षकाने सांगितलं.

गोरख होता. एकटा. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत धोतराचं फडकं गुंडाळलेलं, ते रक्ताने काळं झालेलं. उजव्या पोटरीलाही तसंच. पहार टेकत, पाय ओढत आला आणि ती त्याने फाटकाच्या आत टाकली.

"काय झालं?" डॉक्टर पुढे झाले.

"पोल्ट्रीच्या कुंपणावरनं आत उडी मारली," तो म्हणाला. "तात्या लाळ घेऊ देईना, म्हटलं आपणच आणू." त्याने हात माझ्यापुढे धरला. "हातावर एक हाय, पायावर दुसरं. धुतलं न्हाई मी. तसंच आणलंय."

डॉक्टरांनी एका हाताने कात्री चालवून फडकं सोडवलं. मांस लोंबत होतं. दातांची भोकं एकाशेजारी एक, चाळणीसारखी. मी डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"बांधलेली होती का कुत्री?" त्यांनी जखम टिपता टिपता विचारलं.

"कधीच नसत्यात. आई सांगायची. त्या बाजूने गवताला जाऊ नको म्हणायचो मी. तात्याला सांगायला गेलो होतो एकदा, त्यानं चहा पाजून परत पाठवलं." तो थांबला. "काल त्यानं धनगराचं नाव घेतलं तवा मला हे आठवायला पायजे होतं."

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "जे निघेल ते त्याला सांगू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "सरळ पुण्याला पाठव, पोलिसांना पाठव. त्याला कळलं तर तो आज तात्याचा खून करेल."

"त्याने स्वतःचं मांस आणून दिलंय, डॉक्टर."

"म्हणूनच म्हणतोय."

आम्ही बोलत असतानाच त्यांचा फोन वाजला. ग्रामीण रुग्णालयातून. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. सिधू टकले गेला होता.

काम दुपारी संपलं. सिधूच्या चारही कुत्र्यांची कडी वेगळी होती, चंद्रभागाबाईंच्या जखमेतल्या कुठल्याच कड्याशी त्यांचा संबंध नव्हता. गोरखच्या हातावरचं एक आणि पायावरचं दुसरं, दोन्ही कडी त्या जखमेत होती. नुसतं कडं जुळून भागत नाही, एकाच आईची पिल्लं असली तर ती कडी सारखीच असतात, म्हणून मी डीएनएमधल्या बाकीच्या जागाही ताडल्या. आईच्या गळ्यावरच्या दोन कुत्र्यांपैकी एक हातावरचं होतं आणि दुसरं पायावरचं.

गोरख बाकावर भिंतीला टेकून बसला होता. सलाइन लावलेली. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि ते दारातच उभे राहिले, आदल्या दिवशी उभे होते तसेच, फक्त आता आतल्या माणसाला बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

"तात्याची," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"धनगराची एक पण न्हाई?"

"एकही नाही."

त्याने छताकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "तो माणूस कसा हाय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. सांगितलं त्यांनीच. "सकाळी गेला."

गोरखने सलाइनची सुई उपसून काढली. डॉक्टरांनी त्याला अडवायला डावा हात लावला, पण एका हाताने ते काय अडवणार. वाटेत त्याने पहार उचलली, ती फाटकाच्या आत तशीच पडली होती. मी त्याच्यामागे धावले. पोल्ट्री वर, कालव्याच्या उजवीकडे. चौकीला फोन करायला मी खिशात हात घातला. तो डावीकडे वळला.

वाड्यावर रखमा एकटीच होती. दवाखान्यातला निरोप तिला सकाळीच पोचला होता. तिचे लोक घाटाखालून निघाले होते, अजून पोचले नव्हते. मेंढरं तिने पुन्हा जाळीत घातली होती. मेलेली कुत्री पुरली होती. ती दगडावर बसली होती आणि ते पांढरं कुत्रं तिच्या पायाशी. गोरखला पाहून कुत्रं उठलं, तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

गोरख तिच्यापासून चार हातांवर गुडघे टेकून बसला आणि पहार त्याने तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"तुमच्या कुत्र्यांनी न्हाई मारलं," तो म्हणाला. "पोल्ट्रीवाल्याच्या कुत्र्यांनी मारलं."

"कुणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे हात केला. रखमाने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"हे कळाया तुम्हाला आमच्या कुत्र्यांची लाळ लागली व्हय, बाई?"

"हो," मी म्हणाले. "त्याशिवाय..."

"आमी त्या दिशी इथं नव्हतोच," ती म्हणाली. "याची आई मेली तवा आमचा वाडा घाटाखाली व्हता. इथं परवा आलोया. काल तेच तर सांगत व्हते मी. मातीत तोंड घालून वराडत व्हते. ज्याच्या रानात बसलो त्यो बी हितंच हुबा व्हता, त्याला तरी इचारायचं."

तिला कुणीही, मीसुद्धा, एक प्रश्न विचारला नव्हता. आमची नजर कुत्र्यांच्या तोंडांवर होती.

ती उठली. पहार उचलली, अगदी सावकाश, वजन पाहत उचलावी तशी. गोरख हलला नाही. हात मांड्यांवर, मान खाली. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो कण्हलाही नाही. तिने पुन्हा उगारली, या वेळी डोक्याच्या नेमाने, आणि मी मागून तिला मिठी घातली. आम्ही दोघी पडलो. तिच्या अंगात इतका जोर होता की माझ्या बरगड्या ठणकत होत्या. ती लाथा झाडत होती, माझ्या हाताला चावली, आणि मग एकाएकी सगळं अंग सैल सोडून ओरडून रडू लागली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं नंतर तिनेच सांगितलं.

"सोडा त्यांना, मॅडम," गोरख म्हणत होता. "मारू द्या."

रखमा उठून बसली. पदराने तोंड पुसलं.

"ह्याला घेऊन जा हितनं," ती मला म्हणाली. "माझ्यापुढं मेला तर त्ये बी माझ्याच डोक्यावर येईल."

मी त्याला उठवलं. चौकीपर्यंत तो चालत गेला. तिथे त्याने सगळा जबाब स्वतःहून दिला, माणिकतात्या काय म्हणाला तेही, आणि आदल्या दिवशीच्याच हवालदाराला या वेळी नाव लिहावं लागलं. खांद्याचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, कुंपणावरून पडलो.

पोलीस पोल्ट्रीवर पोचले तोवर तात्याने दोन्ही कुत्री मारून मेलेल्या कोंबड्या पुरायच्या खड्ड्यात टाकली होती. त्याने काही बिघडलं नाही, नमुने माझ्याकडे होते. मादीच्या पंजांवरची भाजल्याची जखम भरल्यावर डॉक्टरांनी तिला लांबच्या जंगलात सोडलं. त्यांचा उजवा हात पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही.

खटला उभा राहायला वर्षं गेली. माझी साक्ष दिवसभर चालली. सॉफ्टवेअर चुकतं का, तुकडे चुकीचे जुळतात का, किती वेळा, असं तात्याचा वकील विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. तात्याला शिक्षा झाली, पण त्याने स्वतःच मागून घेतली असती त्याहून थोडीच जास्त. गोरखला जन्मठेप झाली. त्याने अपील केलं नाही.

रखमाला साक्षीला बोलावलं होतं ते निकालाआधी, साक्षींच्या शेवटच्या दिवशी. ती घाटाखालून आली होती, हिरवं लुगडं, हातात काठी. तिला फारसं काही विचारायचं कुणाच्या मनात नव्हतं. गोरखच्या वकिलाला त्याच्या बाजूने काहीतरी हवं होतं. त्याने फोटो दाखवून विचारलं, आरोपीचा खांदा कोठडीत पोलिसांनी मोडला असं आमचं म्हणणं आहे, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे का?

गोरख आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून नको नको अशी मान हलवत होता. रखमाने त्याच्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे.

"म्यां मोडला," ती म्हणाली. "आजपातुर कुणी इचारलं न्हाई, म्हणून सांगितलं न्हाई."